शाईचा वाद आणि ‘प्रकाशित करा’ची कळ

वेबवर लेख चढवण्याचं काम माणसाने करावं की स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, यावरून लिहिणाऱ्या मंडळींत सध्या बरीच तणातणी होते. प्रकार तसा साधा आहे. ब्राउझर उघडणं, लॉगिन करणं, ‘नवीन लेख’वर क्लिक करणं, शीर्षक टाकणं, मजकूर चिकटवणं, चित्र जोडणं, लेबलं निवडणं आणि शेवटी ‘प्रकाशित करा’ दाबणं, ही सगळी हालचाल माणसाऐवजी सेलेनियम, पपेटिअर किंवा प्लेराइटसारखं साधन करतं. एका फोल्डरमध्ये पन्नास लेख ठेवा, रात्री स्क्रिप्ट सोडा, सकाळी पन्नासही लेख लोकांसमोर. एक बाजू म्हणते, हे स्पॅम पसरवणाऱ्यांचं हत्यार आहे, सभ्य लेखकाने त्याला शिवू नये. दुसरी म्हणते, मजकूर चांगला असेल तर कळ बोटाने दाबली की कोडने, वाचकाला काय फरक पडतो? गेल्या महिन्यात छोट्या नियतकालिकांच्या संपादकांच्या एका बैठकीत मी हा वाद दोन तास ऐकला. दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलत होत्या आणि दोन्ही बाजू फक्त बोटाबद्दल बोलत होत्या.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कळेपर्यंतचं सगळं काम यंत्राला द्यावं आणि ते देताना मनात कसलाही किंतु ठेवू नये. पण कळ दाबायची की नाही, हा निर्णय प्रत्येक लेखासाठी वेगळा आणि माणसाचा असला पाहिजे. त्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे, आणि लेख वाचकाला ज्या रूपात दिसणार आहे त्याच रूपात त्याने तो वाचलेला असला पाहिजे. दुसरं असं, की यंत्र काम करत असेल तर ते यंत्र म्हणूनच दिसावं. त्याला माणसाचं सोंग देऊ नये.

साधनावरून भांडण्याची आपल्याला जुनी सवय आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापून विकायला काढलं, तेव्हा सोवळ्या घरांत छापील कागदाला हात लावायची तयारी नव्हती. कारण काय, तर शाईत जनावराची चरबी असते. गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तकांसाठी तुपाची शाई तयार केली आणि हळूहळू विरोध मावळला. त्या काळच्या माणसांची श्रद्धा मला हसण्यावारी न्यायची नाही, त्यांच्यासाठी तो प्रश्न खराच होता. पण पंचांग घेणाऱ्याला सर्वांत जास्त गरज कशाची असते? त्यातली तिथी आणि ग्रहण आकाशात दिसतं त्याच्याशी जुळण्याची. तो प्रश्न शाईच्या वादात कुठेच नव्हता. तो पुढच्या पिढीत गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी हाती घेतला, आणि गणित वेधाशी, म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाशी, जुळवून पंचांग काढलं. तूप घातलेल्या शाईने चुकीचं ग्रहणही तितक्याच ठसठशीत अक्षरांत छापलं जातं. ब्राउझर चालवणाऱ्या स्क्रिप्टवरच्या आजच्या वादात मला तोच घोळ दिसतो.

बंदीची मागणी करणाऱ्यांना कामाचा भार किती असतो याची कल्पना नसावी, असं मला पुष्कळदा वाटतं. आमच्या गावात एक दिवाळी अंक बरीच वर्षं निघत होता. तो बंद पडला तेव्हा आम्ही काही जणांनी त्याचे जुने अंक वेबवर आणायचं ठरवलं. नंतरच्या वर्षांच्या अंकांच्या संगणकावरच्या फायली मिळाल्या, त्यातून तीनशेच्या वर लेख निघाले. एक लेख हाताने चढवायला पाऊण तास लागायचा. शीर्षक, लेखकाचं नाव, अंकाचं वर्ष, पानाचं स्कॅन, चित्राखालची ओळ, कवितेच्या ओळी तुटू नयेत म्हणून प्रत्येक ओळीनंतरची जुळणी. हे काम करणारे तिघे, तिघेही नोकरी सांभाळून. दोन महिन्यांत एकोणीस लेख झाले. मग मी पायथॉन या संगणकभाषेत सेलेनियमची स्क्रिप्ट लिहिली आणि एरवी तीन माणसांच्या वर्षभराच्या रविवारांना जे जमलं नसतं ते आठवड्यात होऊ लागलं. मराठीत अशी कितीतरी मासिकं, संस्थांचे वार्षिक अंक, स्मरणिका, गावोगावच्या वाचनालयांच्या फडताळांत कसर खात पडलेल्या आहेत. त्यांच्यामागे ना पैसा आहे ना पगारी माणूस. त्यांना ‘हाताने करा, त्यातच सभ्यता आहे’ असं सांगणं म्हणजे ‘करूच नका’ असं सांगणं होय. शिवाय मनगटाच्या दुखण्याने किंवा अधू नजरेने ज्यांना माउस धरवत नाही, त्यांच्यासाठी ही साधनं सोय नसून हात आहेत. बंदीवाल्यांच्या बोलण्यात ही माणसं मला कधी भेटली नाहीत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. लेख चढवायला समोरचा दरवाजा असताना खिडकीतून का शिरायचं? वेबसाइट चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून आरईएसटी एपीआय आहे, म्हणजे ब्राउझरशिवाय प्रोग्रॅमने थेट साइटशी बोलण्याची अधिकृत वाट. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून प्रत्येक कामासाठी वेगळा पासवर्ड काढता येतो आणि हवा तेव्हा रद्द करता येतो. ब्राउझरची स्क्रिप्ट मात्र पानाच्या रचनेवर अवलंबून असते. बटणाची जागा बदलली की ती अडखळते. संपादकाच्या चौकटीत मजकूर चिकटवताना परिच्छेद एकमेकांत मिसळतात. मध्येच नेट गेलं आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली, तर तोच लेख दोनदा प्रसिद्ध होतो. पासवर्ड साध्या फाईलमध्ये लिहून ठेवणारेही मी पाहिले आहेत. तेव्हा एपीआय असेल तिथे तोच वापरावा, आणि ज्या मंचाने अशा साधनांना नियमांतच मनाई केली आहे तिथे ती वापरू नयेत, हे मला मान्य आहे. पण सगळीकडे दरवाजा नसतो, आणि असलेला दरवाजा उद्या उघडा राहील याची खात्री नसते. २०२३ साली ट्विटरने फुकटच्या एपीआयवर कडक मर्यादा घातल्या, रेडिटने त्याच वर्षी त्याला दर लावले. ज्यांची कामं त्या वाटेने चालत होती त्यांना विचारायला कोणी आलं नाही. आणि दरवाजाची चर्चा कितीही केली तरी मूळ मुद्दा जागचा हलत नाही. न वाचलेला मजकूर एपीआयमधूनही तितक्याच वेगाने बाहेर जातो.

स्पॅमचा आक्षेप याहून जड आहे. हजारो निरर्थक पानं रातोरात उभी करून शोधयंत्रांत वर चढणाऱ्यांनी हीच साधनं वापरली आहेत. मराठीत काही शोधायला गेलं की एकच मजकूर शब्द फिरवून दहा ठिकाणी दिसतो, आणि मनस्ताप होतो. या संतापात मी सहभागी आहे. पण रोग नेमका कुठे आहे ते पाहा. गूगलने स्पॅमबाबतचं आपलं धोरण मार्च २०२४ मध्ये बदललं. पूर्वी त्यात यंत्राने आपोआप तयार केलेल्या मजकुरावर रोख होता. नव्या शब्दांत आक्षेप आहे तो वाचकाच्या उपयोगाची पर्वा न करता, केवळ क्रमवारीसाठी, ढिगाने पानं काढण्यावर. ती पानं यंत्राने केली, माणसांनी केली की दोघांनी मिळून, याने फरक पडत नाही असं तिथे स्पष्ट केलं आहे. ज्यांचा रोजचा सामना स्पॅमशी आहे त्यांनी बोटाचा मुद्दा सोडून दिला. स्वस्त मजुरीवर माणसं बसवून हाताने पसरवलेला कचरा हा कचराच असतो, हे त्यांना अनुभवाने कळलं.

सोंगाबद्दल मात्र मी जराही सवलत द्यायला तयार नाही. सेलेनियमचा जन्म २००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्स या कंपनीत झाला, तो वेबसाइट नीट चालते का हे तपासण्यासाठी. ब्राउझर बाहेरून चालवण्याची ही पद्धत २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झाली, आणि ते मानक लिहिणाऱ्यांनी त्यात एक प्रामाणिक सोय ठेवली. ब्राउझर स्क्रिप्टच्या ताब्यात असेल तर तो समोरच्या साइटला तसं सांगतो. ‘नॅव्हिगेटर डॉट वेबड्रायव्हर’ अशी एक खूण असते, तिचं उत्तर अशा वेळी ‘ट्रू’ येतं. माझ्या मते ही या सगळ्या तंत्रातली सर्वांत सुंदर ओळ आहे. यंत्र दारात उभं राहून आपली ओळख सांगतं, मग आत घ्यायचं की नाही ते घरधन्याने ठरवावं. आज ही खूण पुसून टाकणारी, माउस मुद्दाम वाकडातिकडा फिरवणारी, टंकताना माणसासारखं थबकणारी तयार पॅकेजं फुकट मिळतात. एका होतकरू मुलाने मला असंच एक पॅकेज आमच्या स्क्रिप्टला जोडून देऊ का, असं विचारलं. त्याचा हेतू चांगला होता, काम अडू नये एवढंच त्याला हवं होतं. मी नको म्हटलं. साइटला आपण नको असू, तर आपण तिथे नसावं. तिला फसवून आत गेलो तर पुढे आपण कितीही उत्तम मजकूर टाकला तरी आपली पहिली ओळ खोटी आहे.

यंत्राने उघडपणे काम करावं आणि त्यामागे माणूस असावा, ही व्यवस्था अव्यवहार्य आहे असं म्हणणाऱ्यांनी विकिपीडियाकडे पाहावं. तिथे २००२ सालीच रॅमबॉट नावाच्या बॉटने, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमने, अमेरिकेच्या जनगणनेच्या आकड्यांतून तिथल्या गावांवर तीस हजारांच्या आसपास लेख तयार केले. त्यावर भांडणं झाली आणि त्या भांडणांतून नियम घडत गेले. बॉटचं खातं वेगळं हवं, ते बॉट आहे हे दिसायला हवं, चालवण्याआधी इतर संपादकांची संमती हवी आणि त्याने केलेल्या चुकीला त्याचा चालक जबाबदार. याची दुसरी बाजूही लपवत नाही. सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांहून अधिक लेख आहेत, संख्येत ती इंग्रजीच्या खालोखाल आहे, आणि त्यांतले बहुतेक लेख एकाच स्वीडिश माणसाच्या बॉटने लिहिलेले आहेत. ती भाषा बोलणाऱ्या फिलिपिनो माणसाला त्यातून किती मिळालं, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आपल्या भाषेचं असं होऊ नये असं मनापासून वाटतं. पण तिथेही बॉट कुणाचा, त्याने काय केलं, हे नोंदीत दिसतं. म्हणून तर त्यावर वाद घालता येतो.

आता दुसऱ्या बाजूकडे, ‘काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. लॉस एंजेलिस टाइम्समध्ये केन श्वेंके या पत्रकार-प्रोग्रॅमरने क्वेकबॉट नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा भूकंपाचा इशारा आला की तो बातमीचा मसुदा तयार करायचा. मार्च २०१४ मध्ये पहाटे लॉस एंजेलिस हादरलं. श्वेंके जागा झाला, संगणकापाशी गेला, तयार मसुद्यावर नजर टाकली आणि प्रसिद्धीची कळ दाबली. भूकंप होऊन तीन मिनिटं झाली होती. यात मला काहीच गैर वाटत नाही. यंत्राने यंत्राचं केलं, माणसाने माणसाचं केलं. जून २०१७ मध्ये याच वृत्तपत्राकडून सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी गेली आणि थोड्याच वेळात मागे घ्यावी लागली. झालं असं होतं, की १९२५ सालच्या जुन्या भूकंपाच्या नोंदीत दुरुस्ती करताना सर्वेक्षण खात्याकडून चुकून नवा इशारा निघाला. त्या इशाऱ्यावर तारीख होती २९ जून २०२५. म्हणजे बातमीनुसार भूकंप आठ वर्षांनी व्हायचा होता! शाळकरी पोरानेही ती तारीख वाचली असती तर ‘हे काय?’ असं विचारलं असतं. बोटाने फरक पडत नाही हे खरं, पण त्या बोटामागे जे डोळे असतात त्यांनी पडतो.

आमच्यावरही हे बेतलं. चूक माझी होती, म्हणून सांगायला हवी. दिवाळी अंकाचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणताना रफार ही मोठी डोकेदुखी असते. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी यावा लागतो. हा फेर नीट झाला नाही की ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो, ‘धर्म’चा ‘धमर्’. मी पहिले दहा लेख तपासले, ते ठीक होते, आणि उरलेले स्क्रिप्टवर सोडून झोपलो. अकराव्या लेखापासून फॉन्टची वेगळी आवृत्ती होती हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी चौऱ्याऐंशी लेख प्रसिद्ध झालेले होते आणि त्यांत एका दिवंगत कवयित्रीच्या दोन कविता होत्या. तिच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नाही. ‘आईचं नाव तरी नीट हवं होतं,’ एवढंच म्हणाली. आईच्या नावात रफार होता. मजकूर मुळात उत्तम होता, स्क्रिप्टने सांगितलेलं काम चोख केलं होतं, हेतू चांगला होता. यातलं काहीच त्या मुलीला फोनवर सांगता आलं नाही. सांगता आलं ते एवढंच, की मी वाचलं नाही.

छापखान्याच्या जगाने या प्रश्नाचं उत्तर फार आधी शोधलं होतं. आपल्याकडे १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालणं सक्तीचं केलं. वर्तमानपत्राच्या तळाशी ‘हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून तमुक येथे प्रसिद्ध केले’ ही बारीक अक्षरांतली ओळ अशाच सक्तीची खूण आहे. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला. कोणी म्हणेल, १८६७ च्या कायद्यामागे इंग्रज सरकारचा हेतू पाळतीचा होता, त्याचे गोडवे कशाला? हेतूबद्दलचा आक्षेप खरा आहे. सरकारला कोणाच्या मुसक्या बांधायच्या हे कळावं, म्हणून ती नावं हवी होती. पण त्याच ओळीखाली सही करणाऱ्या आपल्या माणसांनी तिला वेगळा अर्थ दिला. १८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण आठवा. केसरी आणि मराठा निघून उणंपुरं दीड वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाचा आरोप संस्थानाचे दिवाण बर्वे यांच्यावर करणारा मजकूर टिळक-आगरकरांच्या या वर्तमानपत्रांनी छापला, त्याला आधार होता काही पत्रांचा. ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी ती लिहिली नव्हती, बनवली नव्हती, त्यांनी त्यांवर विश्वास ठेवला होता. पत्रं बनावट आहेत हे कळल्यावर त्यांनी माफी मागितली, चार महिन्यांची शिक्षा घेतली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. प्रसिद्ध आम्ही केलं, म्हणून उत्तर आम्ही देऊ, ही त्यांची भूमिका होती. आज पहाटे तीन वाजता स्क्रिप्टने चढवलेल्या मजकुरात कुणाची बदनामी असेल, तर असं म्हणायला कोण पुढे येईल? ‘स्क्रिप्टने केलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची आता भीती वाटते.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो. माणूसही न वाचताच कळ दाबतो. पन्नास मसुदे समोर ठेवले तर पाचव्यानंतर तो ‘होय, होय’ करत सुटतो. वर्तमानपत्रांत रात्री उशिरा पानं सोडताना काय होतं हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा. हे सगळं खरं आहे. पण यातून माणूस काढून टाकावा असा निष्कर्ष कसा निघतो? यातून एवढंच निघतं, की एका माणसापुढे पन्नास मसुदे ठेवू नयेत. छापखान्यात शेवटच्या प्रुफावर सही झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे, आणि यंत्र ताशी कितीही प्रती काढो, प्रूफ वाचणारा आपल्याच गतीने वाचायचा. प्रकाशनाचा वेग वाचणाऱ्याच्या वेगाने बांधलेला असायचा. स्क्रिप्टने ही गाठ सोडली. ती पुन्हा मारायला कुठला नवा शोध लागत नाही. स्क्रिप्टमधली शेवटची ओळ, ‘प्रकाशित करा’वर क्लिक करणारी, काढून तिथे ‘मसुदा जतन करा’ असं लिहायचं, बस्स. पुढची तारीख-वेळ लावून ठेवण्यालाही माझी हरकत नाही. लेख वाचून, नक्की करून मंगळवारी सकाळी सातला लावला, तर निर्णय रविवारीच झालेला असतो, घड्याळ फक्त निरोप पोचवतं.

ती ओळ मी त्या फोननंतर त्याच दिवशी बदलली. आता स्क्रिप्ट रात्री मसुदे करून ठेवते, प्रत्येकाचं वाचकाला दिसेल तसं पान उघडून त्याचं चित्र फोल्डरमध्ये टाकते, आणि आम्ही तिघे मिळून दिवसाला दहा वाचतो. वाचलं त्याचं नाव लेखाच्या तळाशी जातं. काम लांबलं आहे. तीनशेपैकी दोनशे सत्तर झाले, तीस राहिले. त्यांतला एक एका जुन्या तमाशा कलावंतावरचा मृत्युलेख आहे, त्यात जन्माचं वर्ष एका परिच्छेदात १९१२ आणि पुढच्यात १९२१ आलं आहे. चूक मूळ अंकातली आहे की फॉन्ट बदलताना झाली, हे फाईलवरून ठरत नाही. छापील अंक आमच्याकडे नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात तो मिळतो का ते पाहायला आमच्यातला एक जण येत्या शनिवारी जाणार आहे. तोवर तो लेख मसुद्यातच राहील.